हत्तीचं झाड

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी भाच्याला घेऊन राणीच्या बागेत गेले होते. सात वर्षांचा आहे, दोन दिवस माझ्याकडे राहायला आला होता आणि त्याला पेंग्विन बघायचे होते. रांग लावली, आत गेलो. काचेपलीकडे तो गार निळसर उजेड, पाण्यात सूर मारणारी ती काळीपांढरी गडबड, आणि काचेला नाक लावून उभा असलेला भाचा. मग वाघ झाला, आइस्क्रीम झालं, पुन्हा एकदा पेंग्विनचा हट्ट झाला, आणि पाय मोडून यायच्या बेतात असताना टॅक्सी मिळाली. रात्री आईला फोन लावला. ती डोंबिवलीला भावाकडे असते. नातू जेवला का, झोपला का, हे विचारून झालं. मी पेंग्विनचं सांगत होते, ती हं-हं करत होती. मध्येच म्हणाली, "हत्तीचा झाड आसा काय गो अजून?"

कुठलं हत्तीचं झाड, मला ठाऊक नव्हतं. पण दिवसभराच्या थकव्यात प्रश्न विचारायचाही कंटाळा येतो. "आहे ना," मी म्हटलं.

"पानां इली?"

"हो, थोडी थोडी."

पलीकडे जरा वेळ काहीच नाही. मग आई म्हणाली, "बरां," आणि गॅस सिलिंडरचं बोलायला लागली.

त्या "बरां"नं मला नंतर कितीतरी दिवस सतावलं. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईनं इतक्या वर्षांत एक गोष्ट विचारली आणि मी न बघितलेल्या झाडाला न आलेली पानं चिकटवून दिली. तिला ते कळलं होतं, हेही मला कळलं होतं. आई मालवणीत शिरते ती फक्त दोन वेळा, रागात आणि लहानपणाबद्दल बोलताना. तिचं लहानपण चिंचपोकळीच्या चाळीतलं, पण घरात बोलणं कणकवलीकडचं. ती अजूनही 'राणीचा बाग' म्हणते. शाळेत बाईंनी आम्हाला 'राणीची बाग' शिकवलं, आणि मी लहानपणी आईला दुरुस्त करायचे. आता वाटतं, लालबाग, चिंचपोकळी, भायखळ्याची माणसं ज्या जागेत दर रविवारी जाऊन बसली, तिचं लिंग ठरवायचा अधिकार त्यांचाच.

तर मी परत गेले. बुधवारी बाग बंद असते म्हणून गुरुवार धरला, एकटीच, रजा टाकून. भायखळ्याला उतरले, पुलावरून पूर्वेला आले, भर अकराचं ऊन. दारातला तो सासूनचा घड्याळाचा मनोरा, त्याच्यामागे म्युझियम, आणि मग ते ग्रीक देवळाच्या दर्शनी भागासारखं खांबांचं प्रवेशद्वार. तिकीट पन्नास रुपये. २०१७ पर्यंत ते पाच होतं. चौघांच्या कुटुंबाला शंभर पडतात, म्हणजे हिशेब अगदीच वाईट नाही, आणि आतली जनावरं आता पूर्वीपेक्षा खूप बऱ्या जागेत राहतात, हे मी शनिवारीच डोळ्यांनी बघितलं होतं. तरी जनावर बघायचं नसलेल्या एकट्या माणसाचं काय, हे खिडकीशी उभं राहिल्यावर मनात आल्याशिवाय राहिलं नाही. मी त्या दिवशी तशीच होते.

हत्तीचं झाड म्हणजे हत्तीजवळचं झाड, असं मी धरून चालले. हत्तीच्या बाजूला जाऊन उभी राहिले. तिथं पर्जन्यवृक्ष होते, फांद्यांनी फांद्यांना धरलेलं छत, खाली चिकट शेंगांचा सडा. ओल्या गवताचा, शेणाचा आणि वाळक्या पानांचा मिळून एक वास असतो, तो नाकात गेला आणि मी एकदम दुसरीच्या सहलीत जाऊन पोचले. जोडीनं हात धरलेल्या मुली, पाण्याच्या बाटलीचा गळ्यात रुतणारा पट्टा, आणि पाणघोड्याच्या डबक्यापाशी नाकाला रुमाल लावून केलेला आरडाओरडा. आईच्या लहानपणी इथं हत्तीवर बसवून फिरवायचे. पाठीवर दोन्ही बाजूंना बाकं, मुलं पाठीला पाठ लावून बसलेली. आई कधी बसली नाही. पाच भावंडांत कोणाला बसवायचं आणि कोणाला नाही, म्हणून आजोबा कोणालाच बसवत नसत. पण ते झाड? पर्जन्यवृक्षाला फेब्रुवारीत पानं असतात का, मला सांगता आलं असतं. आईचा प्रश्न या झाडाबद्दल असता तर "पानां इली?" असा नसता.

मग आठवलं, या आवारात आणखी एक हत्ती आहे. दगडाचा. म्युझियमच्या बाजूला मोकळ्यावर उभा असलेला, काळ्या पाषाणाचा, अंगावर सांधे दिसणारा. घारापुरीच्या बेटावर हा उभा होता आणि त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा नाव दिलं. १८६४ मध्ये त्याला विलायतेला न्यायचं ठरलं, उचलताना क्रेनच तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे राणीच्या बागेत आले आणि १९१४ साली पुन्हा जोडले गेले. शाळेच्या सहलीत आम्हाला हे कोणी सांगितलं नव्हतं. आम्ही नुसते त्याच्या पायाला हात लावून पुढे गेलो होतो. आता त्याच्या भोवती फिरताना ते सांधे बोटांनी चाचपावेसे वाटत होते. त्याच्याजवळही झाडं होती. एकाही झाडापाशी माझं मन थांबेना.

तिथवर आलेच होते म्हणून मागच्या बाजूला गेले. फोर्टातून काढलेले पुतळे तिथं मांडून ठेवलेत. गव्हर्नर, व्हाइसरॉय, कोणाचा हात गेलेला, कोणाची बोटं. त्यांच्यात संगमरवराची व्हिक्टोरिया राणी बसलेली आहे. खंडेराव गायकवाडांनी दिलेला हा पुतळा. १८९६ मध्ये दामोदर चापेकरांनी डांबर फासलं ते याच पुतळ्याला. पुढे पुण्यात काय झालं ते सांगायला नको. आता तिच्या मांडीवर वाळकी पानं पडलेली होती आणि चेहरा झिजून तुटून असा झाला आहे की बाई म्हातारी वाटते, रागीट नाही वाटत. काळाघोड्याचा तो खरा काळा घोडाही, पाठीवरच्या सातव्या एडवर्डसकट, १९६५ पासून इथंच आहे. म्हणजे आई आणि लेक एकाच अंगणात. मला त्यांच्याकडे बघून आनंद झाला नाही आणि वाईटही वाटलं नाही, आणि या दोन्ही गोष्टी न वाटल्याचं थोडं आश्चर्य वाटलं. जिच्या नावाची ही बाग, ती बागेच्या मागच्या अंगणात. आणि बागेला आता जिजाऊंचं नाव आहे, ते मला मनापासून आवडतं. तरी टॅक्सीवाल्याला आपण 'राणीची बाग' म्हणूनच सांगतो, आणि तोंडात ते नाव येतं तेव्हा त्यात व्हिक्टोरिया कुठेच नसते. ती कोणीतरी गोष्टीतली राणी असते, जिची एक बाग आहे आणि तिच्यात वाघ आहेत.

रिकाम्या हातानं घरी आले. पण डोक्यात बाग शिरली ती शिरलीच. पुढचा महिनाभर जे मिळेल ते वाचत गेले.

मुळात हे प्राणिसंग्रहालय नव्हतंच, हे वाचून मी चमकले. लहानपणापासून ही बाग ओळखणाऱ्या मला ठाऊक नव्हतं. ही झाडांची बाग. त्या काळी पश्चिम हिंदुस्थानची एक ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी होती, तिची बाग आधी शिवडीला होती. त्या जागेवर पुढे गोऱ्यांचं कब्रस्तान आलं, आणि झाडांना माझगावच्या माउंट इस्टेटमध्ये जागा मिळाली. १९ नोव्हेंबर १८६२ ला गव्हर्नर बार्टल फ्रियरच्या बायकोनं बाग उघडली. आत अजून एक गोल खांबांची छत्री आहे, ती तिच्याच नावाची. डॉ. जॉर्ज बर्डवुड, डॉ. भाऊ दाजी लाड, नाना शंकरशेट ही मंडळी बागेला लागून असलेल्या म्युझियमच्या खटपटीत होती. ते उघडायला १८७२ उजाडलं. सोसायटी मोडकळीला आली आणि १८७३ पासून बागेचा संसार म्युनिसिपालिटीकडे गेला. जनावरं आली ती पार १८९० मध्ये, शेजारची जास्तीची जमीन जोडून. म्हणजे जवळजवळ तीस वर्षं लोक इथं फक्त झाडं बघायला, फुलं हुंगायला, चालायला येत होते. दीडशे वर्षांच्या झाडांच्या घरात आपण पाहुणे म्हणून आलेल्या वाघाला भेटतो आणि घरच्या माणसांकडे न बघता निघून जातो.

त्या वर्षांचा मुंबईचा रंग मात्र निराळाच होता. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली, लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना आणि इकडच्या कापसाचं सोनं झालं. मुंबईत पैसा अक्षरशः पावसासारखा पडत होता. किल्ल्याचे तट पाडायला घेतले होते, घड्याळाचे मनोरे, कारंजी, बागा, सगळ्याला देणगीदार तयार. १८६५ ला युद्ध संपलं आणि सगळं कोसळलं, पण बाग तेवढी मागे राहिली. ज्या मँचेस्टरला तो कापूस जात होता तिथंही १८४६ मध्ये वर्गणी काढून गिरणी कामगारांसाठी बागा उघडल्या होत्या, आणि त्यांतल्या एकीचं नाव क्वीन्स पार्क. धुरातून बाहेर पडलेल्या माणसाला रविवारी झाड दिसावं, तो गुत्त्यात न जाता बायकामुलांसोबत हिरवळीवर फिरावा, असा त्यामागचा विचार. त्यात दया होती तशी शिस्त लावायची हौसही होती. सरळ रेघेतल्या वाटा, गोल वाफे, खांब, पाट्या. मुंबईला ही बाग आली तेव्हा गिरण्या नुकत्या कुठे सुरू झाल्या होत्या. गिरणीवाला माणूस तिच्या आखणीत कोणाच्या डोळ्यांपुढे होता असं मला वाटत नाही.

तो आपणहून आला.

आणि यायला त्याला रविवार लागला. नारायण मेघाजी लोखंड्यांनी रेसकोर्सवर हजारो कामगारांची सभा घेतली ती एप्रिल १८९० मध्ये. त्यात बायकाही बोलायला उभ्या राहिल्या होत्या. १० जून १८९० ला मालकांनी आठवड्याची सुट्टी मान्य केली. ज्या वर्षी बागेला जनावरं मिळाली, त्याच वर्षी गिरणगावाला रविवार मिळाला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध असल्याचं मी कुठेच वाचलेलं नाही आणि जोडूही इच्छित नाही. पण वहीत दोन ओळी एकाखाली एक लिहिल्या तेव्हा हात थांबला. माझे आजोबा बागेत आले ते त्यानंतर साठेक वर्षांनी, तरी ते याच रविवारावर पाय ठेवून आले.

आजोबा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. दुसरी पाळी असली की रात्री साडेबाराला घरी, केसांत, भुवयांत, कानांच्या पाळ्यांवर कापसाचं तूस. चाळीतली खोली दहा बाय बाराची आणि तिच्यात गावचे गाळेकरी धरून अकरा माणसं. पाळ्यांप्रमाणे झोपायचं, एक उठला की त्याच्या जागी दुसरा. आई सांगते, बाबा घरात कायम पाय पोटाशी घेऊन झोपत. रविवारी सकाळी भाकऱ्या आणि सुक्याची चटणी फडक्यात बांधून सगळे चालत बागेत जायचे. पोरं पिंजऱ्यांकडे पळायची, आजी तांब्या घेऊन नळावर जायची, आणि आजोबा चादरीवर उताणे पडून पाय लांब करायचे. पूर्ण लांब. "आम्ही परत इलो तरी तसेच," आई म्हणते. वाघ बघायला ते एकदाही उठले नाहीत.

माझ्या वाट्याला आलेली बाग याच्याहून वेगळी. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी सात वर्षांची होते. वडीलही गिरणीतच. पहिले काही आठवडे घरात सणासारखी वर्दळ होती, मग ती शांत झाली, मग भांडी कमी होत गेली. एका मंगळवारी दुपारी वडील मला म्हणाले, चल, बागेत जाऊ. मला वाटलं काहीतरी चांगलं घडलंय. आत गेलो तर बाकाबाकांवर माणसं. आमच्या चाळीतली, शेजारच्या चाळीतली, ओळखीची, दाढी वाढलेली. कामाच्या वारी, भर दुपारी, नुसती बसलेली. कोणी कोणाशी फार बोलत नव्हतं. एकानं माझ्या हातावर चार फुटाणे ठेवले. मला पाणघोडा बघायचा होता, पण वडील उठेनात आणि मीही हट्ट केला नाही. हट्ट न करण्याइतकं काहीतरी मला कळलं असावं. वर एक कैलासपती होता, खोडालाच फुलं आणि खोडालाच तोफेच्या गोळ्यांसारखी फळं. त्याची मधमाश्यांना वेड लावणारी गोड, जड वासाची फुलं खाली पडून काळी पडत होती. आजही तो वास आला की माझ्या पोटात त्या मंगळवारची शांतता उतरते. रविवारासाठी माणसं झगडली होती, आणि आता सगळे वार रविवार झाले होते.

बहुतेक म्हणूनच मी पुढची कित्येक वर्षं बागेच्या वाटेला गेले नाही. २००७ मध्ये बागेचा कायापालट करायची मोठी योजना आली, परदेशी धर्तीवरचं प्राणिसंग्रहालय, शेकडो कोटींचा आराखडा, तेव्हा काही बायका झाडांसाठी उभ्या राहिल्या. त्यांनी एकेका झाडाची नोंद केली, तीन हजारांवर झाडं, २८६ जाती, फेऱ्या मारल्या, लोकांना नेऊन दाखवलं, पुरातन वारशाच्या समितीपुढे भांडल्या. ती योजना मूळ रूपात उभी राहिली नाही. मी तेव्हा ही बातमी वाचून पान उलटलं होतं. आज मी ज्या सावलीतून चालते तिच्यासाठी दुसऱ्या कोणी उन्हात उभं राहिलं होतं, याची टोचणी मला आहे.

मार्चमध्ये मी तिसऱ्यांदा गेले. या वेळी झाडांच्या पाट्या वाचत. ब्रह्मदंडाची लांबलचक दोरीला टांगलेली फळं, मेणबत्तीच्या झाडाच्या पिवळट मेणबत्त्या, कृष्णवडाच्या पानाचा देठाशी झालेला तो इवला द्रोण, ज्यात लोणी लपवलं म्हणतात. आणि उर्वशी! मूळची ब्रह्मदेशची, इंग्रजांनी लेडी ॲमहर्स्टचं नाव दिलेली. पण आपल्याकडच्या कोणीतरी तिला उर्वशी म्हटलं आणि ते लाखात एक नाव दिलं. शेंदरी लाल घोस उलटे लोंबत असतात, मोठ्या पाकळ्यांच्या टोकाला पिवळा ठिपका, जणू झुंबर पेटवून ठेवलंय. मी त्याच्याखाली मान वर करून उभी राहिले ती मान दुखेपर्यंत. याच वाटेनं एका ठिकाणी एक जाडजूड, निष्पर्ण, राखाडी झाड दिसलं. मेलंय की काय, असं मनात आलं आणि मी पुढे गेले.

एप्रिलमध्ये डोंबिवलीला गेले होते तेव्हा आईला कबूल केलं. खोटं बोलले होते म्हटलं, मला तुझं झाड सापडलंच नाही. ती हसली नाही, रागावलीही नाही. चहाचा कप खाली ठेवला, साडी वर करून गुडघा दाखवला आणि गुडघ्यावरची कातडी दोन बोटांत धरून तिची वळी केली. "हत्तीचे पाय बघलंस मां? असो बुंधो. असो खाली जाडो, आणि अशे वळये." मग म्हणाली, उन्हाळ्यात त्याच्यावर एक पान नसतं, म्हणून तिथं कोणी बसत नाही. सगळी गर्दी सावलीच्या झाडांखाली. "आमका ताच गावायचा." आमच्या वाट्याला तेच यायचं. पण बुंधाच एवढा रुंद की फांद्यांची नाही तरी बुंध्याची सावली पडायची, आणि ती जशी सरकेल तशी चादर सरकवायची. आजोबा झोपलेले असले की चौघं मिळून चादरीसकट त्यांना ओढायचे.

मी ज्याला मेलेलं समजून पुढे गेले होते ते झाड. गोरखचिंच. आफ्रिकेतलं, कधीतरी अरबांच्या नाहीतर पोर्तुगीजांच्या गलबतांतून आपल्या किनाऱ्याला लागलेलं, वसईच्या किल्ल्यात वगैरे आपण बघतो ते. पावसाळ्यात खोडात पाणी भरून घ्यायचं, पानं गाळायची आणि उन्हाळा काढायचा. पांढरी फुलं रात्री उमलतात, ओंजळीएवढी, वटवाघळं येतात त्यांच्यावर. गोरखनाथांनी याच्याखाली बसून शिष्यांना शिकवलं म्हणे. आईच्या घरात कोणालाच यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांनी पाय बघितला, नाव ठेवलं.

पाऊस सुरू झाल्यावर जुलैच्या पहिल्या आठवड्यात तिला घेऊन गेले. डोंबिवलीहून गाडी केली, लोकलच्या गर्दीत तिला आता न्यायची हिंमत होत नाही. दोन तास लागले. तिनं वाटेत एकदाही तक्रार केली नाही, फक्त लालबाग आलं तेव्हा काचेतून वर बघत राहिली, काचेच्या टॉवरांकडे, आणि "हयसर भोंगो होतो," एवढंच म्हणाली. बागेत रिमझिम होती, वाटांवर गुलमोहराची चिखलात मिसळलेली फुलं. एका हातात काठी, दुसरा माझ्या दंडावर. मला वाटलं होतं मी तिला झाडापाशी नेईन. पण दारातून आत आल्यावर काही अंतर गेलो आणि तीच मला ओढायला लागली. वाटा बदलल्यात, कुंपणं नवी आहेत, बाकं नवी आहेत, एक-दोनदा ती थबकलीही. मग वळली आणि थांबली.

"ह्याच ता."

झाड हिरवंगार होतं. हाताच्या पंजासारखी पानं, प्रत्येकाच्या टोकाला थेंब. मार्चमधल्या त्या राखाडी खांबाशी याचा काही संबंध लागेना. आई जवळ गेली आणि तिनं काठी माझ्याकडे दिली, दोन्ही तळवे बुंध्यावर ठेवले. मला वाटलं डोळे भरून येतील, पण ती काहीतरी शोधत होती. हात फिरवत, चाचपत, अर्ध्या बाजूनं गेली. खाली वाकणं तिला जमत नाही, तरी वाकली. मी धरलं. "हयसर एक खोबण होती," ती म्हणाली. "वळयेच्या आत. चपला ठेवायचो आम्ही सगळ्यांच्या."

बुंध्याच्या दोन वळ्यांमध्ये खरंच एक खोलगट जागा होती. तिच्यात एक घडी केलेला निळा रेनकोट आणि फडक्यात बांधलेला डबा.

मागून झाडलोट करणाऱ्या बाई आल्या. माझ्याच वयाच्या असतील, डोक्याला प्लॅस्टिकची पिशवी बांधलेली, हातात खराटा. त्यांना वाटलं आम्ही त्यांचा डबा उचलतोय, म्हणून भरभर आल्या, मग आईचं वय बघून थांबल्या. "काय शोधताय, आजी?"

"काय नाय बाये," आई म्हणाली. "आम्ही पण हयसरच ठेवायचो."

"चांगलीय जागा," त्या म्हणाल्या. "कितीही पडू दे, आत थेंब येत नाही." आणि डबा काढून, जरासं सरकून, बाकाची ओली बाजू त्यांनी आईसाठी पदरानं पुसली.